पिंगुळीच्या पोथ्या आणि ग्रंथालयाचीं नवीं साधनें

सिंधुदुर्ग जिल्ह्यांत कुडाळच्या दक्षिणेस थोड्याच अंतरावर पिंगुळी नांवाचें गांव आहे. भाविकांना तें राऊळ महाराजांच्या मठामुळें ठाऊक आहे, आणि लोककलांच्या अभ्यासकांना तेथील ठाकर समाजामुळें. कळसूत्री बाहुल्यांचा खेळ, चामड्याच्या बाहुल्यांचा छायाखेळ आणि चित्रकथी या कला या समाजानें पिढ्यान् पिढ्या सांभाळल्या. त्यांपैकीं चित्रकथी ही ग्रंथालयाच्या कक्षेंत येणारी कला होय. कारण तिचें मुख्य साधन म्हणजे पोथी.

परंतु ही पोथी वाचावयाची नसते. रंगविलेले कागद पाठीला पाठ लावून चिकटविलेले असतात, म्हणून प्रत्येक पानाला दोन चित्रें. अशा साधारणतः तीस ते पन्नास चित्रांच्या जुडीत रामायणांतील, महाभारतांतील किंवा पुराणांतील एखादें आख्यान सांठविलेलें असतें. देवळांत कथेकरी एक एक पान टेकवून उभें करतो, वीणा, टाळ आणि हुडुक यांच्या साथीनें गातो, गाइलेल्याचा अर्थ सांगतो, आणि प्रसंग सरला म्हणजे पान बदलतो. चित्रावर मजकूर बहुधा नसतो. कथेचें रूप कागदावर आणि कथेचे शब्द कथेकऱ्याच्या कंठांत, अशी ही वांटणी आहे.

ही परंपरा जुनी आहे. चित्रें दाखवून कथा सांगणाऱ्याचा उल्लेख चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकांतील ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथांत येतो. पुढें सावंतवाडीच्या सावंत-भोसले दरबारानें ठाकरांना आश्रय दिला, आणि कोणत्या गांवच्या देवळांत कोणत्या घराण्यानें कथा सांगावयाची याचे हक्क ठरून गेले. आश्रय आटल्यावर कांहीं पोथ्यांचीं पानें सुटीं होऊन संग्राहकांकडे गेलीं. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयांत या शैलीच्या चित्रांचा संग्रह आहे, आणि कांहीं पानें परदेशांतील संग्रहालयांतही पोंचलीं आहेत. जें गांवांत उरलें तें सांभाळण्याचें काम गांवांतल्याच लोकांनीं हातीं घेतलें. परशुराम गंगावणे यांनीं २००६ मध्यें आपल्या गोठ्याच्या जागेंत ‘ठाकर आदिवासी कला आंगण’ हें संग्रहालय उभें केलें; २०२१ मध्यें त्यांना पद्मश्री हा किताब जाहीर झाला.

आतां प्रश्न असा येतो कीं, संगणकावरील सूची, स्कॅनर, कॅमेरा, ध्वनिमुद्रण, जाळ्यावरील प्रकाशन अशीं जीं साधनें आजच्या ग्रंथालयांना उपलब्ध आहेत, त्यांपासून अशा पोथ्यांना लाभ किती आणि हानि किती? नवीन यंत्र दिसतांच तें आणावें असें म्हणणारे पुष्कळ असतात, आणि यंत्र आलें कीं जुनें मोडलें असें म्हणणारेही पुष्कळ असतात. या दोन्ही पक्षांना बाजूस ठेवून एकेका साधनाचा हिशेब मांडणें उपयुक्त ठरेल.

पहिलें साधन म्हणजे नोंद. कोंकणाला ग्रंथालयें नवीं नाहींत. रत्नागिरीचें वाचनालय १८२८ मधील, आणि सावंतवाडीचें श्रीराम वाचन मंदिर १८५२ मधील. अशा संस्थांत आलेल्या प्रत्येक पुस्तकाला दाखल-क्रमांक देऊन तें नोंदवहींत चढविण्याची रीत रुजली. पुढें वर्गीकरणाच्या पद्धति आल्या. अमेरिकेंत मेलव्हिल ड्यूई यांची दशांश पद्धति १८७६ मध्यें छापली गेली. बडोद्यास सयाजीराव गायकवाड यांनीं १९१० मध्यें विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास बोलावून संस्थानभर वाचनालयांचें जाळें विणलें. मद्रासच्या रंगनाथन यांनीं १९३१ मध्यें ग्रंथालयशास्त्राचे आपले पांच नियम प्रसिद्ध केले. त्यांचा रोख असा कीं, ग्रंथालयाचा सर्व विचार वाचकाच्या वापरापासून सुरू झाला पाहिजे. महाराष्ट्रांत १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्यानें हजारों वाचनालयांना शासनमान्यता व अनुदान यांची चौकट मिळाली.

या सर्व पद्धति ज्या वस्तूसाठीं घडल्या ती वस्तु म्हणजे छापील पुस्तक. पुस्तकाला नांव असतें, कर्ता असतो, भाषा असते, प्रकाशक असतो, वर्ष असतें. पिंगुळीची पोथी या तक्त्यापुढें ठेवली म्हणजे रकान्यामागून रकाना रिकामा राहतो. कर्ता कोण? चित्रकाराचें नांव बहुधा ठाऊक नाहीं. भाषा कोणती? चित्राला भाषा नाहीं. भाषा कथेकऱ्याच्या तोंडीं आहे. लिपी कोणती? लिपी नाहींच. हस्तलिखितांच्या रक्षणासाठीं केंद्र सरकारनें २००३ मध्यें राष्ट्रीय पांडुलिपि मिशन स्थापिलें. २०२५ च्या अर्थसंकल्पांत ‘ज्ञान भारतम्’ या नांवानें एक कोटीहून अधिक हस्तलिखितांच्या पाहणीचा, नोंदणीचा व जतनाचा संकल्प जाहीर झाला, आणि त्यांत खाजगी संग्राहकांचाही उल्लेख झाला. ही गोष्ट स्वागतार्ह आहे. परंतु हस्तलिखित म्हणजे हातानें लिहिलेला मजकूर अशीच सर्वसाधारण समजूत आहे. ज्या पोथींत मजकूरच नाहीं ती या मोजणींत कोठें बसवावयाची, हा प्रश्न यंत्रानें सुटणारा नाहीं. तो नोंद घेणाऱ्या माणसाच्या समजुतीनेंच सुटेल.

नांवाचाच प्रश्न घ्यावा. या शैलीच्या चित्रांना अभ्यासकांच्या लिखाणांत बराच काळ ‘पैठणी’ असें म्हणत आणि त्यांचा संबंध गोदातीरच्या पैठणशीं जोडीत. ईव्हा रे यांनीं १९७८ मध्यें या चित्रांवर जो इंग्रजी लेख लिहिला त्याच्या मथळ्यांत ‘पैठणी’ हाच शब्द आहे. आना डालापिक्कोला यांचा १९८० चा जर्मन ग्रंथही पैठणच्याच नांवानें प्रसिद्ध झाला. व्हॅलेंटिना श्टाखे-रोझेन यांच्या १९८४ च्या लेखाच्या मथळ्यांत मात्र पिंगुळीचें नांव आलें. आतां समजा, कुडाळच्या एखाद्या विद्यार्थ्यानें संगणकाच्या सूचींत ‘पिंगुळी’ हा शब्द घालून मथळे शोधले. त्याला तिसरें लिखाण सांपडेल, पहिलीं दोन सांपडणार नाहींत. आणि आपल्या गांवच्या चित्रांवर त्यापूर्वीं कोणी लिहिलें नाहीं असा त्याचा ग्रह होईल. जुन्या ग्रंथपालाची कार्डांची पेटी या बाबतींत मंद होती, पण शहाणी होती. ‘पैठणी चित्रें’ या कार्डावर ‘पिंगुळी चित्रकथी पाहा’ एवढी एक ओळ लिहिली म्हणजे काम भागे. संगणकाच्या सूचीतही अशी पर्यायी नांवें जोडण्याची सोय असते, आणि ती पेटीपेक्षां कितीतरी पट जलद चालते. परंतु ती ओळ कोणीतरी लिहावी लागते. यंत्र शोधतें तें शब्द. दोन शब्दांमागची वस्तु एकच आहे हें त्याला आधीं सांगून ठेवावें लागतें.

सूची ठेवणाऱ्या संगणकीय प्रणालींचाही विचार येथेंच करावा. ‘कोहा’ नांवाची प्रणाली न्यूझीलंडमधील एका ग्रंथालय-संस्थेसाठीं १९९९ मध्यें तयार झाली आणि सर्वांना विनामूल्य खुली केली गेली; कोहा हा माओरी भाषेंतील शब्द असून त्याचा अर्थ भेट असा आहे. भारत सरकारच्या राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राची ‘ई-ग्रंथालय’ ही प्रणाली आहे, आणि विद्यापीठांसाठीं इन्फ्लिबनेट या संस्थेची ‘सोल’ ही आहे. या प्रणालींमुळें पुस्तक कोणत्या कपाटांत आहे, कोणाकडे गेलें आहे, हें क्षणांत कळतें. बारकोडची पट्टी लावली म्हणजे देवघेवीच्या नोंदींतील हातचुका टळतात. मोठ्या ग्रंथालयास हा लाभ निर्विवाद आहे. लहान ग्रंथालयास मात्र विनामूल्य प्रणालीही फुकट पडत नाहीं. ती बसविणारा, बिघडल्यास नीट करणारा आणि दरवर्षीं नव्या आवृत्तीवर नेणारा माणूस लागतो. तो माणूस कुडाळांत नसला तर पुण्या-मुंबईहून त्याची वाट पाहावी लागते, आणि तोंवर सूची बंद राहते. ज्या संग्रहांत पांच-पंचवीस पोथ्या आहेत तेथें दोन हातलिखित वह्या आणि संगणकावरील एक साधा तक्ता एवढ्यानें काम चालतें. तेथें बारकोड लावणें म्हणजे चार माणसांच्या घरांत हजेरीपट ठेवण्यासारखें आहे. शिवाय जुन्या कागदाला चिकट पट्टी लावणें ही प्रत्यक्ष हानीच होय.

लिपीच्या संकेतांचा एक धडाही विसरूं नये. देवनागरी अक्षरांसाठीं पूर्वीं निरनिराळ्या कंपन्यांचे निरनिराळे टंक होते, आणि प्रत्येकाचे अंतर्गत संकेत वेगळे होते. तो टंक ज्या संगणकावर नाहीं त्यावर सर्व नोंद निरर्थक चिन्हांची रांगोळी बनून दिसे. युनिकोड या सर्वमान्य संकेताची पहिली आवृत्ति १९९१ मध्यें निघाली, परंतु तिचा वापर मराठींत रुळण्यास पुढें बरींच वर्षें लागलीं. आणि मधल्या काळांत जुन्या टंकांत जें लिहिलें गेलें त्यांतील पुष्कळ पुन्हां टंकावें लागलें. म्हणून नवीन नोंद युनिकोडमध्येंच करावी आणि तिची एक छापील प्रतही ठेवावी.

दुसरें साधन म्हणजे छायाचित्र. कोंकणांतील हवा कागदाची वैरीण आहे. चार महिन्यांचा मुसळधार पाऊस, भिंतींना येणारी ओल, बुरशी, कसर आणि वाळवी यांपुढें कोणताही कागद अमर नाहीं. एकाच ठिकाणीं एकच प्रत असण्याचा धोका पुण्यासारख्या शहरांतील मातबर संस्थेलाही चुकला नाहीं. ५ जानेवारी २००४ रोजीं भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरावर जमाव चालून गेला, तेव्हां ग्रंथ आणि हस्तलिखितें यांची नासधूस झाली. प्रतिमा दुसरीकडे जपलेली असली तर मूळ वस्तु गेली तरी तिचें रूप उरतें. हा छायाचित्राचा पहिला लाभ. दुसरा लाभ असा कीं, अभ्यासकांनीं प्रतिमा पाहिली म्हणजे मूळ पान वारंवार हाताळावें लागत नाहीं.

हें काम कसें करावें यालाही महत्त्व आहे. कार्यालयांतील सपाट स्कॅनरच्या कांचेवर जुनें पान दाबलें तर रंगाचे पापुद्रे सुटण्याची भीति असते. म्हणून पान सपाट ठेवून वरून कॅमेऱ्यानें, दोन्ही बाजूंनीं सारखा मंद प्रकाश देऊन चित्र घेणें हितावह होय. चित्राशेजारीं रंगांची पट्टी आणि मोजपट्टी ठेवावी. नाहींतर कॅमेऱ्याच्या लहरीप्रमाणें तांबडा भगवा दिसतो, आणि पानाचा आकारही पाहणाऱ्याला कळत नाहीं. चित्र न रंगविलेली कडा, फाटलेला कोपरा, जुनें ठिगळ यांसकट पूर्ण पान टिपावें. कारण ठिगळ हाही त्या पोथीच्या वापराचा पुरावाच आहे. खर्चाचा अंदाज असा. सोळा इंच लांब व बारा इंच रुंद पान धरलें, आणि दर इंचास चारशें बिंदु घेतले, तर एका चित्रास सुमारें तीन कोटी बिंदु होतात, आणि तें न दाबतां सांठविल्यास सुमारें ९० मेगाबाइट जागा घेतें. चाळीस चित्रांची पोथी साडेतीन गिगाबाइटच्या आसपास जाते. आजच्या हिशेबानें ही जागा क्षुल्लक आहे. नखाएवढ्या तुकड्यावर अशा कित्येक पोथ्या मावतात.

परंतु जें नखावर मावतें तें नखाएवढ्या चुकीनें जातेंही. इंग्लंडमध्यें १०८६ साली राजानें देशाची जी मोजणी करविली ती ‘डूम्सडे’ नांवाच्या चर्मपत्रावरील बाडांत आजही वाचतां येते. तिला नऊशें वर्षें झालीं म्हणून १९८६ मध्यें बीबीसीनें त्याच धर्तीवर देशाची नवी पाहणी लेसर-तबकड्यांवर काढली. अवघ्या पंधरा-सोळा वर्षांत त्या तबकड्या वाचणारीं यंत्रें दुर्मिळ झालीं, आणि त्यांतील माहिती सोडवून घेण्यासाठीं संशोधकांना पुन्हां खटपट करावी लागली. नऊशें वर्षांचें चर्म टिकलें आणि पंधरा वर्षांची तबकडी मुकी झाली. यावरून संगणक टाकाऊ ठरत नाहीं. त्याच्या प्रतीला शेतीसारखी सतत मशागत लागते एवढें मात्र ठरतें. पोथी पेटींत वर्षभर न उघडतां राहिली तरी पुढच्या नवरात्रांत दिसते. संगणकाची प्रत दर कांहीं वर्षांनीं नव्या साधनावर उतरवावी लागते, उघडून पाहावी लागते, आणि एकाहून अधिक ठिकाणीं ठेवावी लागते. सूक्ष्मपट, म्हणजे मायक्रोफिल्म, या बाबतींत मध्यम मार्गावर आहे. ती थंड व कोरड्या जागेंत फार काळ टिकते आणि भिंग व दिवा एवढ्यानें वाचतां येते. परंतु रंगाला ती संगणकाच्या प्रतिमेइतकी न्याय देत नाहीं, आणि थंड-कोरडी जागा कोंकणांत फुकट मिळत नाहीं. विजेचाही विचार करावा. मे २०२१ मध्यें ‘तौक्ते’ चक्रीवादळ किनाऱ्यावरून गेलें तेव्हां सिंधुदुर्गांत ठिकठिकाणीं वीज खंडित झाली. अशा दिवसांत पडद्यावरची पोथी अंधारांत असते, आणि कागदावरची पणतीच्या उजेडांत दिसते.

तिसरें साधन म्हणजे जाळ्यावरील प्रकाशन. त्याचा एक लाभ असा आहे कीं तो अन्य कोणत्याही उपायानें मिळणारा नाहीं. एका पोथीचीं पानें निरनिराळ्या संग्रहांत विखुरलीं असतील तर तीं प्रत्यक्ष पुन्हां एकत्र येण्याची आशा जवळजवळ नाहीं. परंतु संग्रहालयांच्या प्रतिमा एकाच संकेतानें परस्परांना दाखविण्याची एक आंतरराष्ट्रीय चौकट २०११ पासून आकारास आली आहे. तिच्या आधारें एक पान पुण्यांतील, दुसरें परदेशांतील आणि तिसरें पिंगुळींतील अशीं तीन पानें पडद्यावर एकामागून एक लावतां येतात. मूळ पान कोणालाही सोडावें लागत नाहीं आणि पोथी मात्र जुळते. फुटलेल्या पोथीला हें वरदानच होय.

याच्या उलट बाजूस दोन गोष्टी आहेत. पहिली हक्काची. ज्या कलेंत कोणत्या देवळांत कोणी कथा सांगावयाची हेंही ठरलेलें होतें, तिचीं चित्रें एकदां जाळ्यावर सुटलीं कीं तीं कोणाच्याही पिशवीवर, पडद्यावर व भेटकार्डावर छापलीं जाऊं शकतात. १९५७ च्या स्वामित्व-हक्काच्या कायद्याचें संरक्षण चित्रकाराच्या हयातींत आणि त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षें असतें. शंभर-दोनशें वर्षांपूर्वींच्या अनामिक चित्राला त्याचा उपयोग नाहीं. म्हणजे कायद्यानें चित्र मोकळें, आणि ज्यांनीं तें पिढ्यान् पिढ्या जपलें ते रिकाम्या हातांनीं. यावर तोडगा निघूं शकतो. ऑस्ट्रेलियांतील वारुमुंगू या आदिवासी समाजाच्या गरजेंतून २००७ च्या सुमारास ‘मुकुर्तू’ नांवाची एक प्रणाली तयार झाली. तिच्यांत कोणती प्रतिमा सर्वांनीं पाहावी, कोणती समाजाच्याच लोकांनीं पाहावी, हें तो समाज स्वतः ठरवितो. पिंगुळीच्या बाबतींतही लहान प्रतिमा सर्वांना खुली, मोठी प्रतिमा घराण्याच्या संमतीनें, आणि प्रत्येक प्रतिमेखालीं गांवाचें व समाजाचें नांव, एवढा नियम आधीं लिहून ठेवणें अवघड नाहीं. प्रकाशन झाल्यावर मात्र तो नियम करण्यांत अर्थ नाहीं.

दुसरी गोष्ट याहून खोल आहे, आणि साऱ्या हिशेबाची किल्ली तीच आहे. विखुरलेलीं पानें पडद्यावर जुळवितां येतात खरीं. पण कोणत्या क्रमानें? एका चित्रांत रथावर दोन वीर समोरासमोर उभे आहेत. हे कोण? कर्ण आणि अर्जुन कीं आणखी कोणी? त्या आधीं काय झालें आणि पुढें काय व्हावयाचें? पानावर शब्द नसल्यामुळें कॅमेरा याचें उत्तर देऊं शकत नाहीं. अनुमानानें चित्रें ओळखणारीं नवीं यंत्रेंही फार तर रथ आणि धनुष्य ओळखतील. आख्यान ओळखण्यास ज्यानें तें गाइलें आहे तोच पाहिजे. शिवाय लोकपरंपरेंत सांगितलेली कथा वाल्मीकीच्या किंवा व्यासांच्या ग्रंथांत जशीच्या तशी सांपडेल असें नाहीं. म्हणून छापील महाभारत शेजारीं ठेवून क्रम लावणारा पंडितही चुकूं शकतो. या पोथीची खरी सूची कथेकऱ्याच्या स्मरणांत आहे. कागद वाळवीनें जातो तसें स्मरण मृत्यूनें जातें. भेद इतकाच कीं अर्धा खाल्लेला कागद डोळ्यांना दिसतो, आणि अर्धें गेलेलें स्मरण कोणाच्या लक्षांतही येत नाहीं.

म्हणून चौथें साधन, ध्वनिमुद्रण, हें या हिशेबांत सर्वांत मोलाचें ठरतें. ग्रियर्सन यांच्या देखरेखीखालीं झालेल्या भारतीय भाषांच्या पाहणीस जोडून १९१३ ते १९२९ या काळांत अनेक भाषांचे व बोलींचे नमुने ग्रामोफोनच्या तबकड्यांवर घेतले गेले. ते बोलणारे केव्हांच गेले, परंतु त्यांचे आवाज आज जगांत कोठेंही ऐकतां येतात. चित्रकथीचें ध्वनिमुद्रण करतांना मात्र केवळ गाणें टिपून चालणार नाहीं. पान समोर ठेवून, त्या पानाचा क्रमांक मोठ्यानें उच्चारून, त्या पानापुढें जें गाइलें व सांगितलें जातें तेवढें एका तुकड्यांत घ्यावें. म्हणजे चित्र व शब्द यांची गांठ कायमची बसते. गाणें झाल्यावर तोच कथेकरी मालवणी बोलींत पात्रांचीं नांवें, रंगांची कारणें, पोथी कोणाकडून आली आणि कोणत्या देवळांत उघडली जात असे, हें सांगेल तर तेंही घ्यावें. या कामास मोठी प्रयोगशाळा लागत नाहीं. हातांतल्या फोनलाही तें जमतें. निवांत खोली, चांगला ध्वनिग्राहक आणि ऐकणाऱ्याची चिकाटी मात्र लागते.

याही साधनाची मर्यादा आहे. मुद्रित आवाज एकाच प्रयोगाचा असतो. कथेकरी श्रोते पाहून प्रसंग लांबवितो, आटोपता घेतो, गांवचा एखादा दाखला घालतो. यंत्रानें टिपलेला पाठ तोच खरा आणि इतर चुकीचे, असें पुढच्या पिढीला वाटूं लागलें तर वाहतें पाणी बाटलींत भरून नदी आटविल्यासारखें होईल. शक्य असेल तेथें एकच आख्यान दोन घराण्यांकडून, दोन वेळां टिपून ठेवावें. म्हणजे पाठांतील फरक दिसत राहतील, आणि फरक हें जिवंतपणाचें लक्षण आहे हेंही ध्यानांत राहील.

हा सर्व हिशेब एकत्र मांडला म्हणजे असें दिसतें कीं, यांतील कोणतेंही साधन मुळांत वाईट नाहीं; चुकतो तो त्यांचा क्रम. अनुदान मिळालें कीं आधीं यंत्र येतें, मग जाळ्यावर प्रतिमा चढतात, मग सूचीची आठवण होते, आणि कथेकऱ्याकडे कोणी वळलें तर सर्वांच्या शेवटीं. हा क्रम उलटा केला पाहिजे. प्रथम साधी वही: पोथी कोणाची, पानें किती, कोणतें आख्यान, पान कोठें फाटलें. त्याच बैठकींत कथेकऱ्याचा आवाज, पानावार. नंतर कॅमेरा. नंतर तीन ठिकाणीं तीन प्रती, त्यांतली एक मालकाच्या घरीं. त्यानंतर घराण्याशीं लेखी ठराव. आणि जाळ्यावरील प्रकाशन अगदीं शेवटीं. संगणकाची मोठी प्रणाली ही ज्या संस्थेंत माणूस आणि वीज दोन्ही खात्रीचीं आहेत, तिच्याकडे सोंपवावी. जिल्ह्याच्या एखाद्या मोठ्या वाचनालयानें पिंगुळीच्या सूचीची प्रत आपल्याकडे ठेवली तर दोहोंचाही लाभ आहे.

यांतील पहिल्या दोन पायऱ्यांना खर्च जवळजवळ नाहीं, आणि थांबण्यास वेळही त्यांनाच नाहीं. कॅमेरे दरवर्षीं अधिक चांगले होतात आणि सांठवणीची जागा दरवर्षीं स्वस्त होते. त्या कामास थोडा उशीर झाला तरी कागद पेटींत नीट ठेवून तो भरून काढतां येईल. पूर्ण आख्यान पानावार गाऊं शकणारा माणूस मात्र पुढच्या वर्षीं अधिक चांगला किंवा अधिक स्वस्त मिळणार नाहीं. पिंगुळीच्या घराघरांतून, आणि जेथें जेथें अशा विद्या कंठांत राहिल्या आहेत त्या महाराष्ट्रांतील प्रत्येक गांवीं, ग्रंथपालानें वही आणि ध्वनिमुद्रक घेऊन आधीं त्या माणसाच्या पडवींत जाऊन बसावें. त्यानें उच्चारलेला पानांचा क्रम हातीं आला, म्हणजे बाकीच्या सर्व यंत्रांना करण्यासारखें काम मिळेल.